जिंतूरला समुद्र नाही

जिंतूरहून समुद्र सरळ रेषेत चारशेच्या आसपास किलोमीटर. रस्त्याने मालवण गाठायचं म्हटलं तर त्याहून बरंच जास्त. पण दिवाळी झाली की, किंवा मे महिन्यात परीक्षा उरकल्या की, अर्धं गाव तारकर्लीला निघतं. आमच्या लहानपणी ट्रिप म्हणजे शिर्डी, शिंगणापूर, फार तर महाबळेश्वर. आता टेम्पो ट्रॅव्हलर ठरवायची, रात्रभर प्रवास करायचा, सकाळी समुद्र बघून "अबब" म्हणायचं आणि दुपारपर्यंत बनाना बोटीवरचे फोटो घरच्या ग्रुपवर टाकायचे. छान आहे. माणसाने समुद्र बघितलाच पाहिजे.

आणि घरात एक तरी माणूस पुण्यात नोकरीला असतो. आमच्या घरात तो मी. त्यामुळे प्रश्न ठरलेला: "दादा, तिकडं जाऊन काय काय करायचं? लिस्ट पाठव की." हिंजवडीत कोड लिहिणाऱ्या माणसाला समुद्रातलं सगळं कळतं असा आमच्याकडे एक समज आहे :)

तर मंडळी, ही लिस्ट. पण माझ्या क्रमाने. मला एकच गोष्ट सांगायची आहे, ती आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे ते इथूनच परत फिरू शकतात: समुद्रावर जाऊन करायची पहिली अॅक्टिव्हिटी समुद्रावर करायचीच नसते. ती दोन महिने आधी, आपल्या गावात, स्विमिंग टँकमध्ये करायची असते. पोहणं. म्हणजे निदान तरंगणं. ते येत नसेल तर बाकीच्या लिस्टला तसा फारसा अर्थ नाही.

आता सविस्तर.

माणूस की सामान?

किनाऱ्यावर उतरलात की जे विकायला असतं ते साधारण सगळीकडे सारखंच. बनाना राइड, बंपर राइड, जेट स्की, पॅरासेलिंग, आणि मालवण-तारकर्लीकडे स्कूबा डायव्हिंग. अलिबागपासून देवबागपर्यंत हेच मेनूकार्ड. याला आपण साहस म्हणतो, आणि बोर्डावरही तसंच लिहिलेलं असतं.

मी यासाठी एक सोपी टेस्ट काढली आहे. स्वतःला विचारायचं: त्या राइडमध्ये माझ्याऐवजी तेवढ्याच वजनाचं ज्वारीचं पोतं बांधलं असतं, तर काही फरक पडला असता का? बनाना राइड: नाही. पोतंही तसंच ओढलं गेलं असतं आणि शेवटी तसंच पाण्यात पडलं असतं. पॅरासेलिंग: नाही. बोट ओढते, वारा उचलतो, दोर गुंडाळला की पोतं खाली. जेट स्कीवर मागे बसून फेरी: अजिबात नाही. मालवणातला पहिलटकरांचा स्कूबा: बऱ्याच अंशी नाही, कारण प्रशिक्षक तुम्हाला मागून धरून नेतो, हवेचं बटणही तोच दाबतो, फोटोही तोच काढतो.

यात वाईट काही नाही. मजा येते. मलाही येते. पण ही मजा जत्रेतल्या आकाशपाळण्याच्या जातीची आहे. आपण तिकीट काढतो, कोणीतरी आपल्याला फिरवतं. साहस हा शब्द मात्र मला अशा गोष्टीसाठी राखून ठेवावासा वाटतो जिथे आपल्या हातापायांनी आणि डोक्याने काहीतरी केलं, आणि ते केलं नसतं तर निकाल वेगळा लागला असता.

तुम्ही म्हणाल, शब्दाचा कीस कशाला काढतोस, दोन दिवसांची सुट्टी आहे, जाऊ दे की. जाऊ दिलं असतं. पण या गोंधळाची किंमत मोजावी लागते.

धोका कुठे आहे आणि भीती कुठे

फेब्रुवारी २०१६, मुरूड-जंजिरा. पुण्याच्या एका कॉलेजची सहल. डझनाहून जास्त विद्यार्थी एका दुपारी बुडाले. एप्रिल २०१७, मालवणजवळ वायरी. बेळगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे आठ जण गेले. यातलं कोणीही पॅरासेलिंग करत नव्हतं, स्कूबा करत नव्हतं. ते पाण्यात उतरले होते, एवढंच. आपण सगळे उतरतो तसे.

मला यातली हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. पॅरासेलिंगच्या आधी आपली छाती धडधडते, आपण दहा प्रश्न विचारतो, घरी फोन करतो. तिथे निदान जॅकेट असतं, दोर असतो, बोट असते, धंदा करणारा माणूस डोळ्यांत तेल घालून बघत असतो. आणि गुडघाभर पाण्यात उतरताना आपल्याला काहीच वाटत नाही. तिथे जॅकेट नाही, दोर नाही, बघणारं कोणी नाही. मेनूकार्डावर ज्याची किंमत लिहिलेली नाही अशी ती एकच गोष्ट, आणि सगळ्यात घातक तीच. फुकट आहे म्हणून आपण तिला अॅक्टिव्हिटी समजत नाही.

बोटीत नुसतं बसणं हेसुद्धा पाण्यात असणंच आहे. २४ मे २०२२ ला तारकर्लीत स्कूबाहून परत येणारी वीस पर्यटकांची बोट उलटली, दोघं गेले. स्कूबा नीट पार पडला होता, परतीच्या वाटेवर घात झाला. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून एलिफंटाला निघालेल्या नीलकमल बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि पंधरा जणांचा जीव गेला. ते लोक तर लेणी बघायला निघाले होते! त्यानंतर गेटवेच्या बोटींवर लाइफ जॅकेट सक्तीचं झालं. आपल्याकडे नियम असेच येतात, आधी बातमी आणि मग परिपत्रक.

म्हणून जॅकेटबद्दल एकच नियम: बोटीत पाय टाकायच्या आधी घालायचं, बोटीतून उतरल्यावर काढायचं. मधे फोटोसाठीसुद्धा नाही. आणि घालायचं म्हणजे सगळे बक्कल लावून, पट्टे ओढून. कोणाला तरी खांद्यापाशी धरून वर ओढायला सांगा. जॅकेट कानापर्यंत वर आलं तर ते तुमच्या मापाचं नाही. पाण्यात पडल्यावर ते एकटंच वर राहील आणि तुम्ही खाली.

आपल्याकडचं पाणी

आता जिंतूरचा मुद्दा. आमच्या भागातल्या माणसाला पाणी माहीत नाही असं नाही. तालुक्यातच पूर्णा नदीवर येलदरीचं धरण आहे, १९६८ मध्ये पूर्ण झालेलं. पण आमचं पाण्याशी नातं पिण्याचं, रानाला देण्याचं आणि टँकरची वाट बघण्याचं. पाण्यात उतरून खेळण्याचं नातं होतं ते विहिरीशी. वडिलांच्या पिढीतले बहुतेक पुरुष विहिरीत पोहायला शिकले. पाठीला रिकामा डबा किंवा ट्यूब बांधायची, वरून कोणीतरी चुलता ढकलून द्यायचा, आणि चार दिवसांत पोरगं हातपाय मारायला लागायचं. पद्धत रानटी होती, पण त्या पिढीला पोहायला येतं.

मग विहिरींची जागा बोअरने घेतली. बोअरमध्ये पोहता येत नाही :( ज्या विहिरी राहिल्या त्यांत उन्हाळ्यात पाणी नाही. तालुक्याच्या गावाला टँक म्हणाल तर तो पाण्याचा टँक. त्यामुळे माझ्या पिढीतल्या, आणि आमच्या पुढच्या पिढीतल्या बहुतेकांना पोहता येत नाही. मुलींचा तर प्रश्नच नव्हता. आई, आत्या, मावशी यांना विहिरीच्या काठावर कपडे धुवायची मुभा होती, आत उडी मारायची नाही. आज त्याच मावश्या तारकर्लीला साडी घोट्यापर्यंत वर धरून सगळ्यांच्या चपला आणि मोबाइल सांभाळत उभ्या असतात. सगळ्यात जास्त मजा त्यांना यायला हवी, आणि त्या सामान राखतात.

गंमत अशी की पोहणं गेलं, पण पाणी परत आलं. शेततळ्याच्या रूपाने. २०१६ पासून "मागेल त्याला शेततळे" योजना आली आणि मराठवाड्यात शेततळ्यांची संख्या वाढली. पाणी साठलं, चांगलं झालं. पण शेततळ्याला प्लास्टिकचं अस्तर असतं, उतार तिरपा असतो, आणि ओल्या प्लास्टिकवर पाय ठरत नाही. पोहता येणारा माणूससुद्धा बाहेर यायला धडपडतो. त्यात पोरं पडतात, त्यांना काढायला गेलेले आईबाप पडतात. परभणी, हिंगोली, जालना, कुठल्याही जिल्ह्याच्या पानावर उन्हाळ्यात ही बातमी दिसते. भारतात दर वर्षी ३०,००० हून जास्त माणसं बुडून मरतात. जगभरात २०२१ मध्ये सुमारे ३ लाख. यातली फार थोडी समुद्रात बुडत असतील. बाकीची तळी, विहिरी, नद्या, कालवे. म्हणजे आपल्याच अंगणात.

म्हणून मी म्हणतो, तारकर्लीची ट्रिप हे पोहायला शिकायचं उत्तम निमित्त आहे. नुसतं "पोहायला शिक" म्हटलं तर कोणी शिकत नाही. "दोन महिन्यांनी समुद्रात जायचंय" म्हटलं तर शिकतील.

आधी टेस्ट, मग प्रॉडक्शन

सॉफ्टवेअरवाल्यांना हे समजवायला नको. लिहिलेला कोड आपण थेट प्रॉडक्शनवर टाकत नाही, शुक्रवारी संध्याकाळी तर मुळीच नाही. आधी टेस्ट एन्व्हायर्नमेंट. टँक म्हणजे टेस्ट एन्व्हायर्नमेंट: पाणी स्वच्छ, तळ दिसतो, कडेला दांडी, वर जीवरक्षक. समुद्र म्हणजे प्रॉडक्शन: लोड किती येईल सांगता येत नाही आणि रोलबॅक नाही. (ह. घ्या. पण विचारही करा.)

पुण्या-मुंबईत राहणाऱ्यांना टँक मिळायला अडचण नाही. परभणी-जिंतूरकडच्यांनी मोठ्या शहरात नातेवाईक शोधावेत, सुट्टीत पंधरा दिवस मुक्काम ठोकावा. आणि ध्येय काय ठेवायचं? ऑलिंपिक नाही. तीन गोष्टी: एक, तोंड पाण्यात घालून श्वास सोडता येणं आणि न घाबरता परत घेता येणं. दोन, उताणं होऊन पाच मिनिटं नुसतं तरंगता येणं. तीन, कसंही वेडंवाकडं, पण न थांबता टँकची एक लांबी पार करता येणं. शिकायला बसलात तर दोन महिन्यांचे वीकएंड पुरतात. चाळिशीतही पुरतात.

आणि एक चांगली बातमी. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा अडीच टक्क्यांच्या आसपास जड असतं, मिठामुळे. माणसाच्या शरीराची घनता पाण्याच्या इतकी जवळ असते की तेवढा फरकही जाणवतो. टँकमध्ये जो जेमतेम तरंगतो तो समुद्रात आरामात तरंगतो. मीठ आपल्या बाजूने असतं. लाटा नसतात, एवढंच.

पुण्यालाही समुद्र नाही हे लक्षात असू द्या. तरी पुण्याच्या रोहन मोरेने इंग्लिश खाडीपासून न्यूझीलंडच्या कुक सामुद्रधुनीपर्यंत सात अवघड समुद्रपट्टे पोहून पार केले, आणि २०१८ मध्ये असं करणारा तो पहिला आशियाई ठरला. आपल्याला एक लांबी जमेल की नाही?

कालनिर्णयात समुद्र

पोहण्याच्या खालोखाल शिकायची गोष्ट म्हणजे भरती-ओहोटी. यासाठी अॅप आहेत, पण कोकणातल्या जुन्या लोकांकडे एक ठोकताळा आहे आणि तो मला जाम आवडतो. तिथीला पाऊणने गुणायचं, भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीन. म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती, दुपारीही आणि पहाटेही. एकादशीला सव्वाआठ. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. हा हिशोब मुंबईच्या आसपासचा. दक्षिणेकडे मालवण-गोव्याला वेळ थोडी अलीकडे सरकते. समुद्र कधीही न पाहिलेल्या जिंतूरच्या आजीच्या भिंतीवर जे कालनिर्णय लटकतं, त्यात समुद्राचं टाइमटेबल आहे! हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला एखादा सुरेख अल्गोरिदम बघितल्यासारखं झालं होतं.

आता हाच हिशोब दिवाळीला लावा. लक्ष्मीपूजन अमावास्येला. अमावास्या-पौर्णिमेला आणि पुढचे एकदोन दिवस उधाण असतं, म्हणजे पाणी सगळ्यात जास्त चढतं आणि सगळ्यात जास्त उतरतं. (अष्टमीच्या सुमाराला याच्या उलट, त्याला भांग म्हणतात.) पाडवा-भाऊबीजेला भरती दुपारी साडेबारा-दीडच्या आसपास. म्हणजे जेवून, वामकुक्षी काढून, चारला आपण सूर्यास्त बघायला आणि डुंबायला जातो तेव्हा उधाणाचं पाणी जोरात बाहेर निघालेलं असतं. आपली सगळी गर्दी नेमकी त्याच दिवसांत आणि त्याच वेळेला. उलट ठरवलंत तर काय बिघडेल? डुंबायचं ते पाणी चढत असताना, सकाळी. संध्याकाळी वाळूवर भेळ खायची.

दुसरी गोष्ट खेचणारा प्रवाह, ज्याला रिप करंट म्हणतात. लाटा किनाऱ्यावर पाणी आणून टाकतात, ते परत जायला वाट शोधतं, आणि एखाद्या अरुंद पट्ट्यातून वेगाने आत जातं. वरून बघताना तो पट्टा फसवा दिसतो: दोन्ही बाजूंना लाटा फुटताहेत आणि मधे शांत, जरा गडद पाणी. अनोळखी माणसाला वाटतं, इथे लाटा नाहीत, इथेच उतरू या. जोराचा असेल तर हा प्रवाह ऑलिंपिकच्या पोहणाऱ्यालाही हरवतो. त्यामुळे किनाऱ्याकडे तोंड करून त्याच्याशी झुंजायचं नाही. तो खाली ओढत नाही, आत नेतो. तरंगत राहायचं, किनाऱ्याला समांतर सरकायचं, पट्टा संपला की लाटांबरोबर बाहेर यायचं. हे वाचायला सोपं आहे. पण करता कोणाला येईल? ज्याला तरंगता येतं त्याला. परत तिथेच आलो.

आणि कोणी बुडताना दिसलं तर मागे उडी मारायची नाही. बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा ओरडत नाही, त्याचं तोंड पाण्याच्या पातळीवर असतं आणि तो गप्प असतो. त्याच्याकडे दोरी फेका, झाकण लावलेला रिकामा कॅन फेका, ओढणी फेका, आरडाओरडा करा. एकामागे चार जण जातात ते याच उडीमुळे.

आता लिस्ट

पोहणं जमलं, तिथी बघितली. आता ज्यात पोतं चालणार नाही अशा गोष्टी.

ओहोटीची भटकंती. याला पैसे लागत नाहीत, पोहणंही लागत नाही. उधाणाच्या ओहोटीला खडकाळ किनाऱ्यावर जायचं आणि डबक्यांत वाकून बघायचं. शंख, खेकडे, समुद्रफुलं, नशीब असेल तर ऑक्टोपससुद्धा. मुंबईत मरीन लाइफ ऑफ मुंबई हा गट २०१७ पासून गिरगाव, जुहू अशा ठिकाणी अशा फेऱ्या काढतो. ऐन शहराच्या नाकाखाली एवढं जग आहे हे बघून थक्क व्हाल. मावशी-आत्यांना घेऊन जायला उत्तम. फक्त पाणी चढायच्या आत परत फिरायचं.

खाडीतलं कयाक. देवबागजवळची कर्ली खाडी किंवा कोकणातली कुठलीही शांत खाडी. वल्हं तुमच्या हातात, दिशा तुमच्या हातात. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटाच्या बायका कांदळवनाची सफर घडवतात. स्वतः होडी वल्हवतात आणि झाडं-पक्षी दाखवतात. वल्ही मारणाऱ्या त्या बायकांना आमच्याकडच्या मुलींनी बघावं असं मला फार वाटतं.

स्नॉर्केलिंग. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूचे खडक यासाठी प्रसिद्ध आहेत. तोंड पाण्यात घालून नळीने श्वास घेत तरंगायचं. ज्याला टँकमध्ये तोंड पाण्यात घालायची सवय झाली त्याला हे सोपं. ज्याला नाही, तो दोन मिनिटांत नळी फेकून देतो. आणि किल्ला बघायला विसरू नका. १६६४ ते १६६७ मध्ये कुरटे बेटावर बांधलेला. शिवाजी महाराजांना समुद्र डोंगरातून कळला, हे आपल्यासाठी आशादायक आहे.

स्कूबा, पण तयारीने. दहा मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो. पहिलटकरांना एवढं खोल नेत नाहीत, तरी कानाला तीन-चार मीटरवरच कळतं. नाक चिमटीत धरून हळू फुंकायचं, कान मोकळे करत करत खाली जायचं, दुखलं की थांबायचं. वर येताना श्वास कधीही रोखायचा नाही. दमा, हृदयाचा त्रास, कानाचं दुखणं असेल तर जायचं नाही आणि फॉर्मवर खोटं लिहायचं नाही. डाइव्हनंतर त्याच दिवशी विमान पकडू नका. तारकर्लीत एमटीडीसीचं स्कूबा केंद्र आहे, तिथे सरावासाठी खोल टँक आहे. ज्यांना खरंच आवडलं त्यांनी फोटोपुरता डाइव्ह करण्यापेक्षा चार दिवस काढून सर्टिफिकेटचा कोर्स करावा. मग तुम्ही सामान नाही, डायव्हर.

सागरी महामार्गाने सायकल. रेवसपासून रेड्डीपर्यंत. हवी तेवढीच करा. आगरदांडा-दिघी, वेसवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा खाड्या फेरीबोटीने ओलांडायच्या, सायकल बोटीत टाकायची. प्रत्येक खाडीनंतर एक चढ आहे. पायांना कळेल साहस म्हणजे काय.

कुंडलिकेचं राफ्टिंग. समुद्र नाही, पण कोकणात जाताना वाटेत कोलाड आहे. मुळशीचं पाणी वीज तयार करून खाली सुटतं, त्यावर हे चालतं, म्हणून सकाळी लवकर पोचावं लागतं. इथे वल्हं मारलं नाही तर राफ्ट खरंच आडवी होते.

आणि ज्यांना चटक लागेल त्यांच्यासाठी: मालवणच्या चिवला बीचवर डिसेंबरच्या सुमाराला सागरी जलतरण स्पर्धा होते. पाचशे मीटरपासून कित्येक किलोमीटरपर्यंत गट असतात, लहान मुलं ते आजोबा सगळे उतरतात. एखाद्या वर्षी पाचशे मीटरच्या गटात जिंतूरचं नाव दिसावं.

घासाघीस करताना

शेवटचा मुद्दा, जरा कडू. २०२१ मध्ये राज्य सरकारने साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. जमीन, हवा, पाणी, तिन्हीकडच्या व्यावसायिकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची, प्रशिक्षित माणसं आणि साधनं ठेवायची. मे अखेरीपासून ऑगस्ट अखेरीपर्यंत किनाऱ्यावरचे जलक्रीडा प्रकार बंद असतात. गोव्यात २००८ पासून दृष्टीचे जीवरक्षक आहेत. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधे पोहायचं आणि लाल झेंडा असेल तिथे उतरायचं नाही, हे तिथे लहान मुलांनाही माहीत असतं.

नियम आहेत. पण आपण किनाऱ्यावर काय विचारतो? "शेवटचे किती?" मग तिथला पोरगा, जो बहुधा मच्छीमाराच्या घरातला आहे आणि ज्याचा धंदा पावसाळ्यात ठप्प असतो, तो शंभर रुपये कमी करतो. ते शंभर कुठून काढणार? बोटीत दोन माणसं जास्त बसवून, किंवा मदतनीस कमी ठेवून, किंवा फाटकं जॅकेट अजून एक सीझन चालवून. मग अपघात झाला की आपणच म्हणतो, यांना काही सुरक्षिततेची पर्वा नाही. ऑफिसात सगळ्यात कमी कोटेशनवाला व्हेंडर घेतल्यावर काय होतं हे आपल्याला नेमकं माहीत असतं. मग किनाऱ्यावरच का विसरायचं? पैसे पूर्ण द्या आणि प्रश्न विचारा: नोंदणी आहे का, बोटीत जास्तीत जास्त किती, माझ्या मापाचं जॅकेट कुठलं, इंजिन बंद पडलं तर काय? हसून उत्तर देणारा माणूस निवडा. चिडणारा सोडून द्या.

असो. लांबलं. एवढं सगळं करून तारकर्लीला तुम्ही आयुष्यात दोनदा, फार तर चारदा जाल. शेततळ्यावरून, कालव्याच्या काठाने, येलदरीच्या कडेने मात्र घरातलं कोणी ना कोणी रोज जात असतं. समुद्राच्या नावाखाली शिकलेलं पोहणं खरं कामाला येणार आहे ते तिथे. तेव्हा ट्रॅव्हलर बुक करायच्या आधी टँकची फी भरा. आणि एक फी मावशीचीही भरा.